ध्यानाला बसलेल्या पुतण्यास

नाशिक,
मार्गशीर्ष शुद्ध पंचमी

चि. बाळ यास काकाचे अनेक उत्तम आशीर्वाद, वि. वि.

इकडील सर्व क्षेम आहे. तुझ्या क्षेमाविषयी मात्र मनात धाकधूक उत्पन्न झाली असून, फोनवर चार शब्दांत आटोपावा असा हा विषय नसल्यामुळे लिहावयास बसलो आहे. गेल्या आठवड्यात मधल्या आत्याच्या नातीच्या लग्नात, पंगतीत माझ्या शेजारी बसलेल्या एका दूरच्या सोयऱ्याने, जिलबीचा आग्रह चालू असतानाच, ‘तुमचा पुतण्या म्हणे राजीनामा देऊन इगतपुरीच्या डोंगरावर कायमचा राहावयास जाणार,’ असे साऱ्या पंगतीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारले. लग्नाच्या पंगतीत मिळालेली बातमी रुजुवात केल्यावाचून खरी मानू नये, इतके शहाणपण सरकारी तिजोरीच्या कचेरीत हयात घालवल्यावर मला आलेले आहे. तेव्हा घरी येताच वहिनींना फोन लावला. राजीनाम्याची आवई निराधार निघाली. पण ती निराधार आहे हे सांगता सांगताच वहिनींचा आवाज बदलला, आणि मी न विचारता त्यांनी जी हकीकत सांगितली, ती ऐकून राजीनामा परवडला असता असे मला वाटले.

सूनबाईंच्या वडिलांना पक्षाघाताचा झटका आला, त्यांना साताऱ्याहून पुण्यास आणावे की आपणच काही महिने तिकडे जाऊन राहावे, या विवंचनेत ती पोर रात्री तुझ्यासमोर रडत असता, तू म्हणे डोळे मिटून ताठ बसून राहिलास आणि म्हणालास, ‘तू बोलत राहा, मी माझ्या संवेदना पाहतो आहे.’ तिने पुन्हा विचारले तेव्हा ‘सगळे अनित्य आहे’ एवढेच तुझ्या मुखातून निघाले. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने ती साताऱ्यास गेली ती अद्याप परतलेली नाही, आणि तू त्यानंतर तिला फोनही केलेला नाहीस. हे खरे आहे काय? वहिनी तिखटमीठ लावून बोलणाऱ्यांपैकी नव्हेत. दादांच्या आजारपणात डॉक्टरांनी सांगितलेले त्यांनी आपल्याला जसेच्या तसे, एक अक्षर इकडचे तिकडे न करता सांगितले होते, हे तू विसरला नसशील. तेव्हा खरेच आहे असे गृहीत धरून पुढे लिहितो. ज्याचा बाप अंथरुणाला खिळला आहे त्याला सगळे अनित्य असल्याचे ज्ञान दुसऱ्याने देण्याची गरज नसते, बाळ.

माझा ध्यानाला विरोध आहे, असा समज मात्र करून घेऊ नकोस. निवृत्तीनंतर मी स्वतः इगतपुरीच्या धम्मगिरीवरील ध्यानशिबिरात दहा दिवस राहून आलो, आणि माझ्या तोंडून ते वर्णन ऐकूनच तू तिकडे गेलास. म्हणूनच ही काळजी मला अधिक जाचते. पहाटे चारची घंटा, घंटेच्याही आधी जागे होणारे गुडघे, साडेतीन दिवस नाकपुड्यांखालच्या इवल्याशा जागेवर श्वासाचा स्पर्श जाणत बसणे, आणि पुढे हातपाय न हलवता, डोळे न उघडता तासभर बसण्याचे ते अधिष्ठान, हे सारे मी भोगले आहे. त्या तासात मला काय दिसले म्हणशील, तर बांधावरच्या विहिरीच्या पाण्यावरून दादांशी झालेला तो जुना कज्जा दिसला. दादा काय बोलले, मी काय बोललो आणि, विशेषेकरून, मी काय बोलावयास हवे होते, याचा संपूर्ण तपशील साक्षीपुराव्यासह उभा राहिला. छातीत ऊब चढली, दात आवळले गेले, श्वास आखूड झाला. एरवी मी त्या कज्ज्याला नवी कलमे जोडीत बसलो असतो. तिथे काहीच न करता बसून राहण्याची आज्ञा असल्यामुळे बसून राहिलो, तो काही वेळाने ऊब उतरली, जबडा सैल पडला, आणि त्या रिकाम्या झालेल्या जागेत, काही एक कारण नसताना, उद्या न्याहारीला काय असेल हा विचार येऊन बसला. ज्या वैराला मी आपल्या आयुष्याचा पाया समजत होतो, ते खतपाणी न मिळाल्यास पाच-दहा मिनिटेही तग धरीत नाही, हे त्या वयात कळले म्हणून हसू आले आणि थोडी लाजही वाटली.

या विद्येत गूढ असे काही नाही आणि असूही नये. कुरुदेशातील कम्मासधम्म या गावी बुद्धाने भिक्षूंना सांगितलेल्या सतिपट्ठान सुत्तात काया, वेदना, चित्त आणि धर्म अशा चार ठिकाणी जागरूक राहावयास सांगितले आहे. त्यांपैकी चित्ताविषयीचा उपदेश तर कोणाही हिशेबनिसाला तत्काळ पटावा असा आहे. चित्तात लोभ असेल तर लोभ आहे हे जाणावे, द्वेष असेल तर द्वेष आहे हे जाणावे, चित्त विखुरले असेल तर ते विखुरले आहे हे जाणावे. रागवावयाचे नाही, लपवावयाचे नाही, समर्थनही करावयाचे नाही. रोजकीर्दीत जे आले ते आले तसे, खाडाखोड न करता लिहिण्याची शिस्त मनाला लावणे, याहून निराळे वर्णन मला तरी सुचत नाही. आणि हे माझ्या धंद्याचे खूळ आहे असे म्हणू नकोस. ही शिबिरे सुरू करणाऱ्या गोएंकाजींचे गुरू ऊ बा खिन हे १९४८ साली स्वतंत्र ब्रह्मदेशाचे पहिले महालेखापाल झाले, आणि आपल्या कचेरीतील कारकुनांनाही त्यांनी ध्यान शिकवले. हे प्रथम कळले तेव्हा आमच्या खात्याविषयी मला एरवी कधी न वाटलेला अभिमान वाटला होता.

पण रोजकीर्दीत नोंद झाली म्हणजे देणे फिटले, असे कोणत्या कचेरीत मानतात? सूनबाई रडू लागली तेव्हा तुझ्या छातीत जे काही झाले ते तू पाहिलेस, उत्तम केलेस. कदाचित त्यामुळेच तिच्यावर ओरडला नाहीस, हेही मी तुझ्या जमेस धरतो. परंतु वडिलांना कोठे ठेवायचे हा तिचा साधा, व्यवहारी, तातडीचा प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर तुझ्याकडे येणे निघते ते आजमितीस तसेच आहे. ज्या सुत्ताचा आधार घेऊन तू डोळे मिटतोस त्यातच, प्रत्येक अनुपश्यनेच्या शेवटी, आत पाहावे तसेच बाहेरही पाहावे असे सांगितले आहे, आणि जुने अट्ठकथाकार त्या बाहेरचा अर्थ दुसऱ्याचे शरीर, दुसऱ्याचे चित्त असा करतात. समोर रडणारे माणूस हे तुझ्या संवेदनांचे निमित्त एवढेच नसते, तेही पाहावयाचे असते.

याच धोक्याला जुन्यांनी नाव देऊन ठेवलेले आहे. बुद्धघोषाचार्यांच्या विसुद्धिमग्गात मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा या चार ब्रह्मविहारांचे दोन-दोन शत्रू सांगितले आहेत, एक दूरचा आणि एक जवळचा. दूरचा शत्रू कोणालाही ओळखता येतो, कारण तो उघडउघड विरुद्ध असतो. जवळचा शत्रू त्या गुणासारखाच दिसतो, त्याच्याच घरात राहतो. उपेक्षा म्हणजे समचित्तता, आणि तिचा जवळचा शत्रू म्हणजे अज्ञानातून आलेली बेपर्वाई. आपल्या गोव्याच्या सांखवाळ गावचे धर्मानंद कोसंबी या ग्रंथाच्या संपादनासाठी हार्वर्डपर्यंत जाऊन आले; ती आवृत्ती १९५० साली, त्यांच्या निधनानंतर तीन वर्षांनी प्रसिद्ध झाली. एका मराठी माणसाने आयुष्याची इतकी वर्षे ज्या ग्रंथावर खर्ची घातली, तो आपण निदान अशा वेळी उघडून पाहावा. तू त्या रात्री ज्या शांततेत बसला होतास ती दोहोंपैकी कोणती होती, हे मी नाशिकला बसून ठरवू शकत नाही. साताऱ्यात बसलेली ती ठरवू शकेल. तिला विचारलेस काय?

पुन्हा तिथेच आलो. काय करू, मन तिथेच जाते.

आता थोडे माझे. कचेरीत माझी ख्याती शांत माणूस अशी होती. साहेब बदलले, चौकश्या झाल्या, एकदा तर ताळेबंदाच्या घोळात बरखास्तीची भाषा झाली, पण माझा आवाज चढल्याचे कोणी ऐकले नाही, आणि निरोपसमारंभात तीन वक्त्यांनी त्याच गुणाचे पोवाडे गायिले. घरीही मी तसाच होतो. तुझ्या काकूने काही विचारले की मी वर्तमानपत्र खाली ठेवीत असे, ऐकून घेत असे, आणि पुन्हा वर्तमानपत्र उचलीत असे. भांडण नाही, तंटा नाही. शेजारपाजारी आमच्या घराचा दाखला देत. मुलाच्या शाळेचा निर्णय, तिच्या आईचे शेवटचे आजारपण, घराचे कर्ज, सारे तिने एकटीने निस्तरले, कारण माझ्या शांततेला धक्का लावण्याचे तिच्या जिवावर येई. त्या वेळी मला ध्यानाचा गंधही नव्हता, म्हणजे माझ्या मौनाला आधार म्हणून दाखवावयास पोथीही नव्हती. तुला ती सापडली आहे, आणि मला भय वाटते ते एवढेच.

दहाव्या दिवशी तिथे काय होते ते आठव. मौन सुटते आणि मैत्री शिकवतात. नऊ दिवस ज्याच्याकडे नजर वर करून पाहिले नाही त्या शेजाऱ्याला तुम्ही नाव-गाव विचारता. सभागृहाबाहेर नुसता कलकलाट होतो, कोणी हसतो, कोणी रडतो. ही व्यवस्था ज्यांनी केली ते स्वतः संसारी होते. गोएंकाजी मंडालेत १९२४ साली जन्मलेले व्यापारी, अर्धशिशीने बेजार होऊन ऊ बा खिन यांच्याकडे गेले. आणि नुसता डोकेदुखीचा इलाज म्हणून ही विद्या देण्यास गुरूंनी प्रथम साफ नकार दिला होता. पुढे १९६९ साली भारतात येऊन त्यांनी शिबिरे सुरू केली. त्यांच्या प्रवचनाच्या वेळी त्यांच्या पत्नी शेजारच्या आसनावर बसलेल्या असत, हे चित्रफितीत तूही पाहिले आहेस. तुझ्या कंपनीने तो ‘माइंडफुलनेस’चा वर्ग ठेवला होता, त्याचे मूळ जॉन कबाट-झिन यांनी १९७९ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात सुरू केलेल्या अभ्यासक्रमात आहे, आणि तिथेही पहिले विद्यार्थी म्हणजे वर्षानुवर्षे दुखणी सोसणारे रुग्ण होते; दुखण्यासकट घरी परत जाऊन राहता यावे, हाच त्यांचा हेतू. (फोनमध्ये घंटा वाजवणारे ते ॲप तू मला पाठवलेस, ते मी अजून उघडलेले नाही. घंटा धम्मगिरीची ऐकली, तेवढी पुरे.)

बराच कडक लिहून गेलो. तू ध्यानाकडे का वळलास हे मला ठाऊक नाही असे नाही. दादा गेल्यावर तुला महिनेच्या महिने झोप नव्हती, पहाटे तीनला तू गॅलरीत उभा असायचास, हे सूनबाईंनीच मला सांगितले होते, आणि शिबिराहून आल्यावर तू प्रथम सलग झोपलास तेव्हा आनंदाने फोन करणारीही तीच होती. तुझे मन लहानपणापासून असेच. शाळेत कोणाला छडी बसली तर जेवण तुला जात नसे. इतके लागणारे मन असलेल्या माणसाने दुःख समोर आले की डोळे मिटावे, यात नवल कसले? मला तर उलट वाटते की त्या रात्री तिचे रडणे तुला फार झाले, फारच झाले, आणि तू सापडेल त्या दाराने आत निघून गेलास. तसे असेल तर मला लिहू नकोस, तिला सांग. एवढे तिला कळले तरी पुष्कळ आहे. ध्यान सोडू नकोस. सकाळचा तास साताऱ्यालाही बसता येतो, त्या घराची माळ्यावरची खोली शांत आहे.

हे पत्र काकूला वाचून दाखवले. ती म्हणाली, एवढा कागद खर्च करण्यापेक्षा ‘तिला फोन कर’ एवढेच लिहिले असते तरी भागले असते; आणि विसुद्धिमग्गाचा मजकूर तिने वगळावयास सांगितला होता, तो मी ठेवला आहे. तिचे म्हणणे असे की पक्षाघातानंतरचे पहिले काही महिने हातापायांचा व्यायाम नेमाने करवून घ्यावा लागतो, त्याला अंगात बळ असलेले माणूस लागते, आणि सूनबाई व तिची आई दोघी मिळून त्यांना उठवून बसवतानाच थकून जात असतील. पुण्यास आणावयाचे ठरले आणि पैशाची अडचण आली, तर संकोच करू नकोस. काकूने ठेवीची पावती कपाटातून काढून माझ्या टेबलावर ठेवली आहे, आणि पुण्याचे घर अपुरे पडले तर वहिनींनी आमच्याकडे येऊन राहावे.

येत्या शनिवारी रजेची वाट न पाहता सकाळी स्वारगेटहून साताऱ्याची गाडी धर. पोहोचलास की सूनबाईंना मला फोन करावयास सांग.

कळावे, हे आशीर्वाद.

तुझा,
काका