समुद्र कोणाचा?

[वाऱ्यापासून वीज तयार करण्यासाठी आता समुद्रातही पवनचक्क्या उभारल्या जातात. परंतु समुद्रातील जागा कशी निवडायची? अमेरिकेतील एका लहान राज्याने हा प्रश्न कसा हाताळला, याची माहिती या पाठात दिली आहे.]

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या मोहल्ल्यात एखादे मोकळे मैदान असेल. भर दुपारी ते रिकामे दिसते. पण ते खरोखर रिकामे असते का? संध्याकाळी मुले तेथे क्रिकेट खेळतात. ईद जवळ आली की बायका खाटा टाकून शेवया वाळवतात. लग्न असले की तेथेच मांडव पडतो. कोणाची बकरी तेथे चरते, तर कोणाची रोजची वाट तेथूनच जाते. आता समजा, एके दिवशी एक माणूस आला आणि कोणालाही न विचारता मैदानाच्या मधोमध खांब रोवू लागला. काय होईल? भांडण होईल. खांब चांगल्या कामासाठी असला, तरीही होईल.

समुद्राचेही असेच आहे. किनाऱ्यावरून पाहिले तर समुद्र रिकामा वाटतो. पण त्यातून जहाजांचे ठरलेले मार्ग जातात. मच्छीमारांच्या जाळी टाकण्याच्या जागा पिढ्यान्‌पिढ्या ठरलेल्या असतात. नौदलाच्या पाणबुड्या पाण्याखालून फिरतात. तळाशी तारा आणि बुडालेली जहाजे असतात. मासे अंडी घालतात, पक्षी चरायला येतात. या सगळ्यांत आता एक नवा पाहुणा आला आहे. तो म्हणजे पवनचक्की.

पवनचक्की समुद्रात कशासाठी? कारण समुद्रावर वारा जास्त जोराने आणि जास्त नियमित वाहतो. तेथे डोंगर, झाडे, इमारती त्याला अडवत नाहीत. कोळसा किंवा डिझेल जाळावे लागत नाही, त्यामुळे धूर होत नाही. जगातील पहिल्या समुद्री पवनचक्क्या डेन्मार्क देशात विंडेबी येथे १९९१ साली उभ्या राहिल्या. त्या अकरा होत्या. पंचवीस वर्षे वीज देऊन झाल्यावर २०१७ साली त्या काढून टाकण्यात आल्या.

अमेरिकेत मात्र सुरुवात अवघड झाली. २००१ साली मॅसॅच्युसेट्स राज्याजवळच्या समुद्रात पुष्कळ पवनचक्क्या उभारण्याची एक योजना पुढे आली. तिचे नाव केप विंड. कंपनीने आधी जागा निवडली आणि मग परवानग्या मागायला सुरुवात केली. त्या वेळी कोणत्या कामाला समुद्रात कोठे जागा द्यावी, याचा आराखडाच नव्हता. मच्छीमार विरोधात उभे राहिले. तेथील मूळचे आदिवासी उभे राहिले. किनाऱ्यावर मोठमोठी घरे असलेल्या श्रीमंतांनाही आपल्या खिडकीतून पवनचक्क्या दिसायला नको होत्या. वर्षानुवर्षे कोर्टकचेऱ्या चालल्या. अखेर २०१७ साली ही योजना सोडून देण्यात आली. सोळा वर्षांत एकही पवनचक्की उभी राहिली नाही.

शेजारच्या ऱ्होड आयलंड राज्याने दुसरी वाट धरली. हे अमेरिकेतील सर्वांत लहान राज्य. तेथील किनारा-व्यवस्थापन मंडळाने २००८ साली ठरवले की, आधी समुद्राचा नकाशा करायचा आणि मग पवनचक्क्यांचे बोलायचे. विद्यापीठातील शास्त्रज्ञ मदतीला आले. सुमारे ३,८०० चौरस किलोमीटर समुद्राचा अभ्यास सुरू झाला.

हा नकाशा कसा तयार झाला, ते पाहा. पाणी कोठे किती खोल आहे, तळाशी वाळू आहे की खडक, हे यंत्रांनी मोजले. विमानातून आणि बोटीतून पक्ष्यांची मोजणी केली. जहाजांचे मार्ग आणि नौदलाची क्षेत्रे नकाशावर आखली. दुसऱ्या महायुद्धात, मे १९४५ मध्ये, याच समुद्रात एक जर्मन पाणबुडी आपल्या खलाशांसह बुडाली होती. अशा बुडालेल्या जहाजांच्या जागाही टिपून घेतल्या. नॅरागॅन्सेट नावाच्या आदिवासींचेही म्हणणे ऐकले. हजारो वर्षांपूर्वी हा समुद्रतळ जमीन होता आणि त्यांचे पूर्वज त्या भागात राहत होते.

पण एक गोष्ट कोणत्याही यंत्राला माहीत नव्हती. कोणत्या महिन्यात कोणता मासा कोठे मिळतो? जाळे कोणत्या बाजूने ओढतात? हे फक्त मच्छीमारांना माहीत होते. म्हणून त्यांच्यापुढे नकाशे ठेवले आणि विचारले, "तुम्ही कोठे मासेमारी करता, ते दाखवा." मच्छीमारांनी आपल्या जागा दाखवल्या. मित्रांनो, हे सोपे नव्हते. मासे कोठे मिळतात, हे मच्छीमार सहसा कोणाला सांगत नाही. ते त्याचे धन असते. तरीही त्यांनी ते सांगितले. कारण न सांगावे, तर नकाशावर ती जागा रिकामी दिसली असती आणि रिकामी जागा कोणीही घेऊ शकतो.

२०१० साली आराखडा मंजूर झाला. २० मीटरपेक्षा उथळ पाण्यात सागरी बदके चरतात, म्हणून ते पाणी राखून ठेवले. हिमनद्यांनी आणून टाकलेल्या दगडगोट्यांच्या राशींत मासे आसरा घेतात, म्हणून त्या राशी जपायच्या ठरल्या. पुढील प्रत्येक योजनेवर मत देण्यासाठी मच्छीमारांचे एक सल्लागार मंडळ नेमले. आणि ब्लॉक नावाच्या बेटाजवळ पवनचक्क्यांसाठी एक पट्टा ठरवला.

ब्लॉक बेट किनाऱ्यापासून सुमारे १५ किलोमीटर दूर आहे. तेथील कायमची वस्ती हजार-दीड हजार माणसांची. बेटावर वीज डिझेलच्या जनित्रांवर तयार होत असे. डिझेल बोटीने आणावे लागे, त्यामुळे वीज फार महाग पडे. २०१६ साली बेटापासून पाच-सहा किलोमीटरवर पाच पवनचक्क्या फिरू लागल्या. समुद्रातील पवनचक्क्यांचा हा अमेरिकेतील पहिला व्यापारी प्रकल्प. पात्याच्या टोकापर्यंत प्रत्येकीची उंची सुमारे १८० मीटर, म्हणजे जवळजवळ अडीच कुतुबमिनार! पाचही मिळून ३० मेगावॅट वीज देऊ शकतात. बेटाला पुरून उरलेली वीज समुद्राखालच्या तारेतून किनाऱ्यावर जाते. २०१७ साली बेटावरची जनित्रे थांबली. ज्यांची झोप त्या आवाजाने मोडत असे, त्यांना प्रथमच शांतता मिळाली.

गोष्ट येथे संपली असती तर फार बरे झाले असते. पण ती संपली नाही. पाच पवनचक्क्यांनंतर दूरच्या समुद्रात पुष्कळ मोठ्या योजना आल्या. दोन पवनचक्क्यांमध्ये किती अंतर असावे, यावर वाद झाला. २०१९ साली कंपन्यांनी एक नाविक मैल, म्हणजे सुमारे १.८५ किलोमीटर अंतर ठेवण्याचे मान्य केले. काही मच्छीमारांना बोटींसाठी याहून रुंद वाटा हव्या होत्या. गळ टाकणाऱ्यांना पवनचक्क्या आवडतात, कारण त्यांच्या खांबांभोवती मासे जमतात. पण लांबलचक जाळे ओढणाऱ्या बोटीला त्यांच्यामधून जाताना भीती वाटते. या समुद्रात राइट व्हेल नावाचे देवमासेही येतात. अशा जातीचे चारशेहून कमी देवमासे या महासागरात उरले आहेत. समुद्रतळात खांब ठोकताना प्रचंड आवाज होतो. म्हणून देवमासा जवळ दिसला तर काम थांबवावे, अशी अट घातली जाते.

२०२३ साली मच्छीमारांच्या सल्लागार मंडळातील सर्व सदस्यांनी राजीनामे दिले. मोठ्या कंपन्यांपुढे आपले काही चालत नाही, अशी त्यांची तक्रार होती.

मग आराखडा फुकट गेला का? नाही. त्याच्यामुळे बेटाला वीज मिळाली, बदकांचे पाणी राखले गेले आणि पहिल्या पाच पवनचक्क्यांना केप विंडसारखे दिवस पाहावे लागले नाहीत. पण विचारणे एकदाच करून भागत नाही. प्रत्येक नव्या खांबाच्या वेळी पुन्हा विचारावे लागते आणि मिळालेले उत्तर मनावर घ्यावे लागते. नुसते ऐकणे वेगळे आणि मानणे वेगळे.

आपल्या देशातही हा प्रश्न आता दूरचा राहिलेला नाही. भारत सरकारने २०१५ साली समुद्रातील पवनऊर्जेचे राष्ट्रीय धोरण मंजूर केले. गुजरात आणि तमिळनाडू यांच्या किनाऱ्यांजवळच्या समुद्राचा त्यासाठी विचार झाला आहे. तेथेही मच्छीमार आहेत, जहाजे आहेत, पक्षी आहेत. वीज आपल्या सर्वांना हवी आहे. पण एका घरात दिवा लागावा म्हणून दुसऱ्या घरातील चूल विझता कामा नये. उद्या तुमच्यापैकी कोणी इंजिनिअर होईल, कोणी अधिकारी होईल. समुद्राचा नकाशा तुमच्यासमोर येईल, तेव्हा त्यातील कोऱ्या जागेकडे बोट दाखवण्यापूर्वी एक प्रश्न जरूर विचारा : ही जागा खरोखर रिकामी आहे का?

शब्दार्थ

किनारा – साहिल
बेट – जजीरा (मुरूडजवळच्या 'जंजिरा' किल्ल्याचे नाव याच शब्दावरून आले.)
मच्छीमार – माहीगीर
पाणबुडी – आबदोज
समुद्रतळ – समंदर की तह
आराखडा – खाका, मन्सूबा
सदस्य – रुक्न
राजीनामा – इस्तीफा
उथळ – कम गहरा
जनित्र – वीज तयार करणारे यंत्र, जनरेटर

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) जगातील पहिल्या समुद्री पवनचक्क्या कोठे उभ्या राहिल्या?
(आ) ब्लॉक बेटावर पूर्वी वीज कशी तयार होत असे?
(इ) खांब ठोकण्याचे काम केव्हा थांबवतात?

२. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) केप विंड योजना का फसली?
(आ) मच्छीमारांनी आपल्या मासेमारीच्या जागा का दाखवल्या?

३. कारणे द्या.
(अ) समुद्रावर वारा जोराने वाहतो.
(आ) २०२३ साली सल्लागार मंडळाच्या सदस्यांनी राजीनामे दिले.

४. लक्षात ठेवा.
उर्दूत 'हवा' स्त्रीलिंगी आहे. मराठीत 'वारा' पुल्लिंगी आहे : जोराचा वारा. उर्दूत 'जहाज' पुल्लिंगी आहे. मराठीत ते नपुंसकलिंगी आहे : मोठे जहाज. पाठातून नपुंसकलिंगी असे पाच शब्द शोधून लिहा.

५. उपक्रम
तुमच्या शाळेच्या किंवा मोहल्ल्याच्या मैदानाचा नकाशा काढा. सकाळी, दुपारी व संध्याकाळी तेथे कोण काय करते, ते लोकांना विचारून नकाशावर लिहा.