येरवड्यात घरचे उपाहारगृह काढताना

प्रश्न : येरवड्यात घरच्या चौघांनी मिळून छोटे उपाहारगृह काढायचे, तर सुरुवात कोठून करावी?

उत्तर : सुरुवात गाळ्यापासून होते, पदार्थांपासून नव्हे. येरवड्यात दोन प्रकारचे गिऱ्हाईक आहे: लक्ष्मीनगर, नागपूर चाळीतून सकाळी कामावर निघणारे लोक आणि कॉमरझोनसारख्या आयटी पार्कमधले नोकरदार. पहिल्यांना सकाळीच पोहे-चहा लागतो, दुसऱ्यांना दुपारी झटपट थाळी. गाळा ज्यांच्या वाटेवर, त्यांचे पदार्थ आधी ठरवावेत. धुराडे आणि सांडपाणी यांसाठी मालकाची लेखी संमती भाडेकरारातच घ्यावी. शेजाऱ्यांशी भांडणे बहुधा धुरावरूनच होतात.

अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ नुसार एफएसएसएआयची नोंदणी किंवा परवाना आधीच घ्यावा लागतो. त्याचा १४ अंकी क्रमांक बिलावर हवा. घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर चालत नाही. १९ किलोचा व्यावसायिक घ्यावा.

खरी कसोटी हिशेबाची. मिसळीच्या प्लेटचा खर्च काढताना मटकी, फरसाण, पाव, कांदा, लिंबू एवढे सगळेच धरतात. दुसऱ्यांदा मागितलेला रस्सा मात्र राहून जातो, आणि तो तर जवळजवळ प्रत्येक जण मागतो. तसाच घरच्यांचा पगार. आई पहाटेपासून कांदा चिरते, तिची मजुरी खर्चात धरली नाही तर वहीत दिसणारा नफा खोटा असतो. चौघांचे पगार पहिल्या महिन्यापासून वहीत लिहावेत, हातात कमी पडले तरी. गल्ल्यातून घरखर्चाला परस्पर पैसे काढू नयेत.