घरात राज्य कोणाचे?

दिवेआगरच्या वाडीतील दिवसाचे काम आटोपले, सुपारी सोलून झाली, म्हणजे सायंकाळी घरोघरी मंडळी दूरचित्रवाणीपुढे जमतात. दिवसभर राबलेल्या माणसाने घटकाभर हसावे, यात गैर काहीच नाही. परंतु आपण नेमके कोणास हसतो, हा प्रश्न विद्यार्थ्यांनी एकदा तरी स्वतःस विचारावा, असे आम्हास वाटते.

विनोदी मालिकांत एक चित्र वारंवार दृष्टीस पडते. पत्नी पदर खोचून, हाती लाटणे घेऊन उभी आहे आणि पतिराज कोपऱ्यात अंग चोरून बसले आहेत. हे पाहून आपण हसतो व म्हणतो, "घरात राज्य बायकांचेच!" पण आवाज चढविणे म्हणजे राज्य करणे नव्हे. पैसा कोणाच्या हाती आहे, जमीन कोणाच्या नावे आहे, मुलीने किती शिकावे हे कोणाच्या शब्दाने ठरते, यांवरून सत्ता ओळखावी. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने आपल्या किनाऱ्यावरील नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या केल्या. वाडीस पाणी घालणारे व सुपारी सोलणारे हात बहुधा घरच्या स्त्रीचे असतात. पण नुकसानभरपाईची वेळ आली म्हणजे सातबाऱ्यावरील नाव पाहिले जाते. लाटण्याचा विनोद स्त्रीस खोटे राज्य देतो आणि खरे राज्य कोणाकडे आहे, हे हसता हसता झाकून टाकतो.

तथापि विनोद नेहमीच दुर्बळावर उठतो असे मात्र नाही. गोविंद बल्लाळ देवल यांचे 'संगीत शारदा' हे नाटक १८९९ साली रंगभूमीवर आले. पैशाच्या बळावर कोवळ्या मुलीशी लग्न करू पाहणाऱ्या वृद्ध भुजंगनाथाची त्यात फजिती आहे. तेथे हसू येते ते त्या वृद्धाच्या हौसेचे. शारदेविषयी मात्र कळवळाच वाटतो. पुढे १९२९ साली मुलीच्या विवाहाचे किमान वय १४ वर्षे ठरविणारा कायदा झाला. नाटकाने कायदा होत नसतो, हे खरे. परंतु लोक ज्या रूढीस हसू लागतात, तिचा धाक ओसरू लागतो.

अलीकडील उदाहरण घ्यावयाचे तर २०१६ साली झी मराठीवर सुरू झालेली 'माझ्या नवऱ्याची बायको' ही मालिका पाहा. राधिकेची बोली व राहणी गावंढळ म्हणून तिचा पती गुरुनाथ तिला हिणवितो, आणि आरंभी आपणही त्याच्याबरोबर हसतो. पुढे राधिका मसाल्यांचा उद्योग उभारते, आणि मग हसे होते ते गुरुनाथाचे. येथे स्त्रीचे सामर्थ्य लाटण्यात नसून तिच्या कमाईत व निर्णयात आहे. एका पुरुषापायी दोन स्त्रियांना झुंजविण्याची जुनी युक्ती याही मालिकेत आहे, हेही विसरू नये.

पवित्र शास्त्रातील नीतिसूत्रांच्या एकतिसाव्या अध्यायात सद्गुणी गृहिणीचे वर्णन आहे. ती पहाटेपूर्वी उठते, घरच्यांस जेवू घालते, हे आपण आवडीने सांगतो. परंतु ती शेत पारखून विकत घेते व आपल्या कमाईतून द्राक्षमळा लावते, हे सांगावयाचे मात्र राहून जाते.

विद्यार्थिमित्रहो, आज रात्री मालिका पाहताना तीन प्रश्न वहीत लिहा. हसे कोणाचे झाले? त्याच्या हाती खरी सत्ता होती काय? हाच विनोद आपल्या आईविषयी कोणी केला, तर आपण हसू काय? पालकांनीही ही उत्तरे मुलांबरोबर बसून वाचावी. आणि वाचून झाल्यावर घरचा सातबाराही एकदा काढून पाहावा, एवढीच आमची विनंती.