लॅपटॉप तापतोय? पेस्ट बदला, पण पॅडची जाडी जपून

प्रश्न : गेमिंग लॅपटॉप तीन वर्षांचा झाला. गेम सुरू होताच प्रोसेसर 95 अंशांवर जातो आणि खेळ अडखळतो. थर्मल पेस्ट आणि पॅड घरी बदलता येतील का?

उत्तर : येतील, पण आधी पंख्यांतली आणि हीटसिंकच्या जाळीतली धूळ काढून पाहावी. बऱ्याचदा तेवढ्यानेही फरक पडतो.

चिप सतत तापून-निवून पातळ पेस्ट कडेला सरकते, मधला भाग कोरडा पडतो. त्यामुळे लॅपटॉपमध्ये घट्ट पेस्ट किंवा हनीवेलची पीटीएम 7950 ही फेज-चेंज शीट जास्त टिकते. ती सुमारे 45 अंशांना मऊ होऊन फटी भरते.

खरी गडबड होते पॅडमध्ये. ग्राफिक्स मेमरीवर 1 मिलिमीटरच्या जागी 1.5 चा कडक पॅड लावला, की हीटसिंक उचललं जातं आणि मुख्य चिपवर नीट टेकत नाही. जुना पॅड दबलेला असतो, त्यामुळे त्याच्या मापावर विसंबू नये. मॉडेलनुसार मूळ जाडी शोधावी.

उघडताच बॅटरीची जोडणी सोडवावी. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी, स्क्रू हीटसिंकवरच्या आकड्यांच्या क्रमाने थोडे थोडे आवळावेत. लिक्विड मेटल नवख्यांनी टाळावं: त्यातलं गॅलियम अ‍ॅल्युमिनियम पोखरतं, आणि थेंब सांडला तर शॉर्टसर्किट होऊ शकतं. वॉरंटी शिल्लक असेल, तर आधी सेवा केंद्रात विचारावं.