हिरव्या बोर्डाला पूर सोसेल का?

प्रश्न : महाडमध्ये सावित्रीपासून जवळच आमचे घर आहे. २०२१ च्या पुरात तळमजल्यावरचे जिप्सम बोर्डाचे पार्टिशन फुगून खाली आले. आता पुन्हा एका मोठ्या खोलीच्या दोन करायच्या आहेत. सुतार म्हणतो, या वेळी हिरवा बोर्ड लावा, त्याला पाणी लागत नाही. बहीण पोलादपूरला राहते. तिच्या ओल येणाऱ्या भिंतीवर पीव्हीसी पॅनेल मारायला सांगितले आहे. कुणाचे ऐकावे?
– एक वाचक, महाड

उत्तर : सुताराचे अर्धेच ऐका. हिरवा जिप्सम बोर्ड ओल कमी शोषतो, हे खरे. दमट हवा, बेसिनचे शिंतोडे तो सोसतो. पण २२ जुलै २०२१ ला आले तसे गढूळ पाणी तासन्‌तास उभे राहिले, तर हिरवा काय नि पांढरा काय! बोर्डाची बरीचशी ताकद दोन्ही अंगांच्या कागदात असते. तो भिजून सुटला की आत उरतो तो ओल्या खडूसारखा भुगा. आणि कागदावर बुरशी धरते ती वेगळीच. जिप्समला सरसकट नावे ठेवू नयेत. त्याच्या वजनाचा पाचवा हिस्सा आत बांधलेले पाणीच असते, म्हणून आगीपुढे तो बराच वेळ टिकतो. वरच्या मजल्याच्या फॉल्स सीलिंगला खुशाल वापरा.

तळमजल्याला मात्र सिमेंट फायबर बोर्ड घ्या, ८ किंवा १० मिमी जाडीचा. 'ॲसबेस्टॉसविरहित' असे छापलेले पाहूनच. भिजल्यावर तो जरा नरमतो, पण फुगत नाही आणि वाळला की पुन्हा कामाला येतो. चौकट लाकडाची नको, जीआय चॅनलची करा.

एवढ्यावर भागत नाही. पूर ओसरल्यावर खरा छळ होतो तो दोन बोर्डांच्या पोकळीत बसलेल्या गाळाचा. म्हणून खालचा चार फुटांचा पट्टा वेगळ्या तुकड्यात लावा, सांध्यावर पुट्टी न भरता पट्टी मारा आणि स्क्रू उघडे ठेवा. सुतार नाक मुरडेल, मुरडू द्या. पाणी गेले की बोर्ड काढायचा, आतला गाळ धुवायचा, चॅनल वाळू द्यायचे आणि तोच बोर्ड परत बसवायचा. या पट्ट्यात आवाज अडवायचा रॉकवूल भरू नका. वायरिंग वरून खाली उतरवा.

पोलादपूरचे दुखणे निराळे. तिथे भिंतीवर आदळते ती चार महिन्यांची झड. पीव्हीसी स्वतः कुजत नाही, पण ओल्या भिंतीवर मारले की ओल तिथेच कोंडते. वरून चकचकीत, मागे काळी बुरशी. जुन्या घरांतल्या कारवीच्या कुडाला हा त्रास कमी. आतली भिंत दोन्ही बाजूंनी उघडी, लिंपण ओल सोडणारे आणि ते वेळोवेळी सारवले जाई. बहिणीला सांगा, आधी बाहेरून प्लास्टरच्या भेगा बुजवून घ्या, वर पत्र्याची पडवी काढा, एक उन्हाळा भिंत वाळू द्या. मग कदाचित पॅनेल लागणारच नाही. लावलेच, तर गॅसच्या शेगडीजवळ पीव्हीसी नको, उष्णतेने वाकते.

सिमेंट बोर्ड आणायला टेम्पो आणि दोन माणसे ठेवा. ८ मिमीचा आठ बाय चारचा एक बोर्ड तीस किलोच्या आसपास भरतो. कापायचा तो अंगणात, तोंडाला मास्क लावून. त्याची धूळ फुप्फुसात बसते.