पित्त म्हणण्याआधी दिव्याकडे पाहा

आपल्याकडे डोकं दुखून उलटी झाली की निदान घरातच ठरतं: पित्त उसळलं. मग कोकम सरबत द्यायचं आणि अंधाऱ्या खोलीत पडून राहायला सांगायचं. मलाही घरच्यांनी तेच सांगितलं. पण उजव्या भुवईवर घण बसत होते, तो डोळा लालबुंद झाला होता, समोरचं पुसट दिसत होतं आणि ट्यूबलाइटभोवती रंगीत कडी दिसत होती. कडी म्हटल्याबरोबर सुनेने रिक्षा बोलावली आणि मला नेत्रतज्ज्ञांकडे नेलं. डोळ्याचा दाब साधारण १० ते २१ असतो. माझा पन्नासच्या वर होता. काचबिंदूचा तीव्र झटका होता.

डोळ्यात सतत एक द्रव तयार होतो आणि रंगीत पडद्याच्या कडेला असलेल्या कोनातून त्याचा निचरा होतो. काहींचा हा कोन अरुंद असतो. अंधारात बाहुली मोठी झाली की तो बंद पडू शकतो. द्रव तुंबतो, दाब चढतो आणि दृष्टीची नस दबते. म्हणजे डोकेदुखीवरचा आपला हमखास उपाय, अंधारी खोली, इथे घातकच ठरतो. गेलेली नजर परत येत नाही, म्हणून सकाळची वाट पाहू नका.

अर्धशिशीत मात्र काहींना आधी चमकत्या नागमोडी रेषा हळूहळू पसरताना दिसतात आणि तासाभरात विरतात. एकेक डोळा झाकून पाहा: रेषा दोन्ही डोळ्यांना दिसल्या तर उगम मेंदूत आहे. असं पहिल्यांदाच झालं तर डॉक्टरांना दाखवाच. पन्नाशीनंतर कानशील नव्याने ठणकू लागलं, केस विंचरताना दुखलं किंवा घास चावताना जबडा भरून आला, तर रक्तवाहिनीला सूज असू शकते. त्यातही नजर अचानक जाऊ शकते. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. जीभ अडखळली, हात लुळा पडला, तर थेट मोठं रुग्णालय.

दाब उतरल्यावर माझ्या दोन्ही डोळ्यांच्या रंगीत पडद्याला लेसरने बारीक छिद्र केलं, कारण दुसऱ्या डोळ्यालाही तोच धोका होता. अरुंद कोन घराण्यात असू शकतो, म्हणून बहिणींनाही तपासायला लावलं. चाळिशी उलटली असेल, प्लसचा नंबर असेल किंवा घरात कुणाला काचबिंदू असेल, तर चष्म्याचा नंबर काढून परतू नका. ‘डॉक्टर, डोळ्याचा दाब आणि कोनही बघा,’ असं स्वतःहून सांगा.