बारा खांबांची खोली

जुन्नर

सोन्या,

तू बनवून पाठवलेला गेम तीन रात्री खेळलो. सातव्या खोलीच्या पुढे जाता आलं नाही. तू फोनवर विचारलंस, ‘कसा वाटला?’ आणि मी ‘चांगलाय’ म्हणून विषय बदलला. तसं करायला नको होतं. तू दीड वर्ष खपला आहेस, तेव्हा नीट सांगायला हवं, म्हणून लिहितोय.

आधी जमलंय ते. तलवारीचा घाव बसतो तेव्हा क्षणभर सगळं थबकतं, सांगाडा मागे ढकलला जातो आणि मग हाडं फरशीवर पडल्याचा आवाज येतो. तेवढ्यात माउसलाच वजन आल्यासारखं वाटतं. लढाईच्या गेमचा जीव इथे असतो. कथा आणि चित्रं नंतर. १९९६चा पहिला ‘डायब्लो’ डेव्हिड ब्रेव्हिक यांनी आधी पाळीपाळीने खेळायचा बनवला होता. एक चाल आपली, एक राक्षसाची. सलग चालणारा कर, असा बाकीच्यांनी आग्रह धरला तेव्हा त्यांच्या मनात नव्हतं, तरी एका दुपारी त्यांनी करून पाहिलं. बटण दाबलं, समोरचा सांगाडा फुटला, आणि प्रश्न मिटला. ही हकीकत त्यांनी स्वतःच सांगितली आहे. त्यांना त्या दुपारी जे सापडलं ते तुझ्या पहिल्या खोलीत आहे. त्याला आता हात लावू नकोस.

सातव्या खोलीत मी अकरा वेळा मेलो, आणि त्यातल्या नऊ वेळा का मेलो ते कळलं नाही. मशालीच्या उजेडाबाहेरून बाण येतो. आवाज नाही, सावली नाही. मेल्यावर खेळणाऱ्याच्या तोंडून ‘अरे, डावीकडे व्हायला हवं होतं’ असं निघालं, तर तो पुन्हा बसतो. ‘हे काय?’ असं निघालं की उठतो. अवघडपणाबद्दल माझी तक्रारच नाही, अवघडच कर. पण हरण्यातली चूक माझी मला दिसली पाहिजे.

आपल्याकडे रात्रीची लाइट असली की उसाला पाणी द्यायला जावं लागतं, आणि बिबट्या त्याच उसात असतो. तू लहान असताना आजोबांबरोबर गेला आहेस. हातात काठी आणि बॅटरी, मोबाइलवर मोठ्याने गाणी, पण कान उसाकडे. वाऱ्याशिवाय पाचट वाजलं किंवा वस्तीवरची कुत्री एकदम गप्प झाली की आजोबा जागच्या जागी थांबायचे. त्या थांबण्यात जी भीती होती ती अजून माझ्या अंगात आहे. अंधार काहीतरी सांगत असतो म्हणून तर भीती वाटते. तुझा अंधार मुका आहे. त्या धनुर्धराची दोरी ताणल्याचा करकर आवाज बाण सुटण्याआधी येऊ दे. मी अकराच काय, पन्नास वेळा मरेन.

दुसरं, खेळणाऱ्याचा वेळ. २००० साली ‘डायब्लो २’ आला. मी तो कॉलेजात असताना मित्राच्या कॉम्प्युटरवर खेळलो. जादूगारीण घेतली आणि आग, बर्फ, वीज तिन्हीकडे थोडे थोडे स्किल पॉइंट वाटले. शेवटच्या, सगळ्यात कठीण फेरीत कळलं की तिथल्या कित्येक राक्षसांवर आगीचा किंवा विजेचा काहीच परिणाम होत नाही, आणि माझी कुठलीच विद्या पुरेशी पक्की नव्हती. दिलेले पॉइंट तेव्हा परत घेता येत नसत. ती सोय २०१०मध्ये आली. मला पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात करावी लागली. दोन महिने गेले होते. त्यातून माझ्या लढण्यात काही सुधारलं असतं तर मी ते विसरलो असतो.

तुझ्या आठव्या ते बाराव्या खोलीत तोच सांगाडा आहे, फक्त त्याची हेल्थ दुप्पट, मग चौपट, असं तूच लिहिलं आहेस. आकडा वाढवला की शत्रू अवघड होत नाही, नुसता लांबतो. त्या पाच खोल्या सरळ काढून टाक. वाईट वाटेल, पण काढ. पिशवी मात्र छोटीच राहू दे. ‘डायब्लो २’मध्ये चाळीस चौकोनांची पिशवी, आणि एक चिलखत सहा चौकोन खायचं. मी चिडायचो खूप, पण भुयारात उभं राहून काय टाकायचं ते ठरवताना जी घालमेल व्हायची, तिच्यामुळेच हातातली तलवार माझी वाटायची.

आता मला मनापासून बोलायचंय ते जागेबद्दल. जुन्नरच्या लेण्यांवरचा गेम म्हणतोस, आणि तुझ्या खोल्या सगळ्या चौकोनी. त्या कुठल्याही देशात चालतील. अरे, आपल्याभोवती दोनशेच्या वर लेणी आहेत! तुळजा लेण्यातलं चैत्यगृह आठव. गोल खोली, मधे साधा स्तूप, भोवती बारा खांब, वर घुमट. तिथे कोपराच नाही. कोपरा नाही म्हणजे कोंडीत सापडणं नाही, पण पाठ टेकायलाही जागा नाही. तू खांबाआड गेलास की शत्रू दिसत नाही, आणि तू त्याला दिसत नाहीस. दोघं एकाच दिशेने फिरत राहिलात तर गाठच पडणार नाही. कुणीतरी उलटं फिरायला हवं. बघ, एकही आकडा न वाढवता लढाई तयार झाली.

लेण्याद्रीचं सातवं लेणं याच्या अगदी उलट. प्रचंड दालन, मधे एकही खांब नाही, आणि तीन बाजूंना मिळून वीस खोल्या. मधे उभं राहिलं की वीस काळी दारं आपल्याकडे बघतात. इथे खांबाचा आडोसा नाही, फक्त कान.

पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ तू खेळला आहेसच. तो भुयारांचा गेम नव्हे, पण त्यातली मुलगी खांबाला धरून गरकन फिरते आणि वार करते, भिंतीवर पाय देऊन उसळते. तिची वास्तू तिच्याबरोबर लढते, आणि ती वास्तू राजस्थानच्या किल्ल्यांवरून घेतलेली आहे. त्यांनी २०१७मध्ये लोकांकडून पैसे उभे करायचा प्रयत्न केला, तो फसला, तरी २०२०मध्ये गेम बाहेर आणला. माझं एकच म्हणणं त्यावर: सगळे मरेपर्यंत वाट बंद, हे पुन्हा पुन्हा झालं की पुढचं आवार दिसताच खेळणाऱ्याला पुढचं सगळं कळतं. तू वाटा उघड्या ठेव. पळून जाणं हाही डाव असू दे.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो. ही भिक्षूंची राहण्याची आणि उपासनेची जागा. लेण्याद्रीच्या सातव्या लेण्यात तर आज गिरिजात्मज गणपती आहे, आजी अजून पायऱ्या चढून दर्शनाला जाते. स्तूपासमोर रक्ताचा सडा नको. तुळजाची ती गोल खोली लढाईला घ्यायचीच असेल तर मधल्या जागी दुसरं काही ठेव, आणि लेण्याचं खरं नाव देऊ नकोस. खरा स्तूप जिथे दाखवशील तिथे शस्त्र आपोआप म्यान होऊ दे, जखमा भरू देत, गेम सेव्ह होऊ दे. ‘डायब्लो २’मध्ये भुयारातून वर छावणीत आलं की जिवात जीव यायचा. तुझ्याकडे ती जागा नाहीच, आणि सातव्या खोलीत मला तिची फार गरज वाटली.

दिवाळीला येशील तेव्हा पहाटेच तुळजा लेण्याकडे निघू. गावापासून चार-पाच किलोमीटर आहे, चालतच जाऊ. बॅटरी मी घेतो, तू फोनवर आवाज रेकॉर्ड करायची तयारी ठेव. मी एका खांबाआड उभा राहतो, तू दुसऱ्या बाजूने ये. माझी चाहूल किती पावलांवरून लागते ते मोजू.

तुझा,
मामा